कोळशाच्या धगीतील अदृश्य विष
कार्बन मोनॉक्साइड वायूपासून कुटुंबाचे रक्षण

थंडीचे दिवस सुरू झाले की, एका विशिष्ट प्रकारच्या दुर्घटनेची वार्ता देशाच्या कोठल्या ना कोठल्या भागातून दरवर्षी कानी येते. रात्री उबेसाठी कोळशाची शेगडी खोलीत घेऊन व दारे-खिडक्या लावून कुटुंब झोपी जाते, आणि सकाळी हाका मारूनही आतून उत्तर येत नाही. दार फोडून पाहावे तो माणसे निजल्या जागी निश्चेष्ट पडलेली असतात. घरास आग लागलेली नसते, धूर कोंडलेला नसतो, धडपडीची खूण नसते. कोपऱ्यात राखेने झाकलेली शेगडी तेवढी असते. जानेवारी २०२० मध्ये नेपाळातील दामन येथे एका खोलीत मुक्कामास असलेले केरळमधील आठ पर्यटक असेच दगावले. त्यांत चार मुले होती. तेथील उबेचे साधन कोळशाचे नसून गॅसचे होते, इतकाच काय तो फरक.

या मृत्यूंस कारण होणारा वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड होय. शेतकरी कुटुंबाचा या वायूशी संबंध केवळ शेगडीपुरता नाही. चूल, बंब, गॅसवरील गीझर, विहिरीवरील इंजिन, जनित्र, ट्रॅक्टरची शेड, कोंबड्यांच्या पिल्लांची खोली अशा अनेक ठिकाणी तो निर्माण होतो. ही विषबाधा म्हणजे साथीचा रोग नव्हे. ती टाळण्यास औषध लागत नाही, फारसा खर्चही लागत नाही. लागते ती माहिती आणि थोडी शिस्त. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय स्वतः नीट समजून घेऊन घरोघरी सांगणे अगत्याचे आहे.

वायूची उत्पत्ती

लाकूड, कोळसा, गोवऱ्या, रॉकेल, पेट्रोल, डिझेल व स्वयंपाकाचा गॅस या सर्व इंधनांत कार्बन असतो. जळताना भरपूर प्राणवायू मिळाल्यास या कार्बनाचा कार्बन डायॉक्साइड बनतो. प्राणवायू अपुरा पडल्यास ज्वलन अर्धवट राहते आणि कार्बन मोनॉक्साइड बनतो. जळणारे कोणतेही इंधन या नियमास अपवाद नाही. कमी-अधिक प्रमाणाचा काय तो भेद असतो.

कोळशाच्या शेगडीत हा वायू विशेष प्रमाणात का निघतो, हे समजून घेण्यासारखे आहे. शेगडीच्या तळाशी हवा आत शिरते व तेथील कोळसा जळून कार्बन डायॉक्साइड तयार होतो. हा वायू वर चढताना लाल निखाऱ्यांच्या थरातून जातो. तेथे त्याची तापलेल्या कार्बनाशी पुन्हा गाठ पडते आणि त्याचे रूपांतर कार्बन मोनॉक्साइडमध्ये होते. पेटलेल्या शेगडीवर जी फिकट निळी ज्योत नाचताना दिसते, ती हाच वायू जळत असल्याची खूण होय. निखाऱ्यांवर राख धरली व ती ज्योत मावळली म्हणजे वायू न जळताच खोलीत पसरू लागतो.

आपल्याकडे शेगडी अंगणात पेटवून, धूर पूर्ण निघून गेल्यावर, निखारे लालबुंद झाले की घरात आणण्याची चाल आहे. धूर नाही म्हणजे धोका नाही, असा त्यामागील समज असतो. हा समज अत्यंत घातक आहे. धूर हा डोळ्यांना दिसणारा व घशास जाणवणारा असल्याने माणसास सावध करतो. धूर संपल्यावर जो वायू निघत राहतो, तो काहीच जाणवू देत नाही.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. त्याने डोळे चुरचुरत नाहीत, ठसका लागत नाही. स्वयंपाकाचा गॅस गळल्यास तो लक्षात यावा म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. निखाऱ्यांतून निघणाऱ्या या वायूत तसे काही नसते. तो हवेपेक्षा अगदी किंचित हलका असल्याने खोलीभर सारखाच मिसळतो. त्यामुळे जमिनीवर झोपणारा व बाजेवर झोपणारा या दोघांनाही सारखाच धोका असतो.

शरीरावर होणारा परिणाम

श्वासावाटे घेतलेला प्राणवायू शरीरभर पोहोचविण्याचे काम रक्तातील हीमोग्लोबिन हे द्रव्य करते. हे द्रव्य म्हणजे जणू प्राणवायू वाहून नेणारी बैलगाडीच. परंतु कार्बन मोनॉक्साइड हीमोग्लोबिनास प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. एकदा गाडीत हा माल भरला गेला की, प्राणवायूस जागा उरत नाही. छाती वरखाली होत असते, हवा आत जात असते, पण मेंदू व हृदय यांना प्राणवायू मिळेनासा होतो. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी ही गोष्ट १८५७ साली दाखवून दिली. पुढे इंग्लंडमध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९५ साली या वायूचे प्रयोग स्वतःच्या शरीरावर करून पाहिले. कोळशाच्या खाणीत लहान पक्षी पिंजऱ्यात घालून नेण्याची पद्धत त्यांच्याच सूचनेवरून रूढ झाली. पक्षी माणसाच्या आधी मूर्च्छित पडत असे व खाणकामगारांना बाहेर पडण्यास अवधी मिळत असे. ब्रिटनमधील खाणींत ही पद्धत १९८६ पर्यंत चालू होती.

गर्भातील बालकाचे हीमोग्लोबिन या वायूस प्रौढापेक्षाही अधिक घट्ट धरून ठेवते. त्यामुळे गर्भवती स्त्री वरवर सावरलेली दिसली तरी पोटातील बाळास इजा होऊ शकते. तान्ही मुले, वृद्ध, हृदयविकाराचे रोगी आणि अंगात रक्त कमी असलेल्या स्त्रिया यांनाही अधिक धोका संभवतो.

किती वायू घातक ठरतो?

हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे २०० भाग असल्यास दोन-तीन तासांत डोके दुखू लागते. ४०० भाग असल्यास एक ते दोन तासांत डोकेदुखी तीव्र होते. ८०० भागांस पाऊण तासात भोवळ व मळमळ येते आणि दोन तासांच्या आत शुद्ध हरपते. १,६०० भागांस तासाभरात, तर ३,२०० भागांस अर्ध्या तासात मृत्यू ओढवू शकतो.

हे प्रमाण गाठण्यास किती कोळसा लागतो, याचा ढोबळ हिशेब करून पाहू. दहा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट उंच अशा खोलीत सुमारे २८,००० लिटर हवा मावते. समजा, तेथे सुमारे १०० ग्रॅम कोळसा जळाला आणि त्यातील केवळ १० ग्रॅम कार्बनाचे अर्धवट ज्वलन झाले. त्यापासून साधारणतः २० लिटर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. म्हणजे बंद खोलीत दहा लाख भागांस सुमारे ७०० भाग हे प्रमाण झाले. शेगडीत एका वेळी याच्या कितीतरी पट कोळसा घातला जातो, आणि झोपलेले कुटुंब त्या हवेत सात-आठ तास श्वास घेत असते. या हिशेबावरून धोक्याची कल्पना यावी.

पूर्वी असे का घडत नव्हते?

गावात हा विषय काढला की, "आमच्या आजीपासून शेगडी चालत आली, कोणाला काही झाले नाही," असे उत्तर हमखास मिळते. या उत्तरात तथ्य नाही असे नाही. परंतु त्याचे कारण शेगडीत नसून घरात आहे. कौलारू घरात कौलांच्या फटींतून हवा सतत खेळत असे. माळवदाच्या घरास धूर जाण्यासाठी छपरात सवणे ठेवलेले असे. कुडाच्या भिंतीतूनही वारा येई. शिवाय पूर्वी होणाऱ्या डोकेदुखीची व ओकारीची कारणे कोणी शोधली नाहीत. आज खेडोपाडी सिमेंटच्या छताची, सरकत्या काचेच्या खिडक्यांची व घट्ट बसणाऱ्या दारांची घरे झाली आहेत. ही घरे ऊन, पाऊस व चोर यांपासून चांगले रक्षण करतात. पण त्यांत हवेची ये-जा फार कमी असते. घर बदलले, परंतु शेगडीची चाल तीच राहिली. दुर्घटनांचे मूळ या विसंगतीत आहे.

धोक्याच्या जागा व त्यावरील उपाय

सर्व उपायांचे सार एका वाक्यात सांगता येईल : उष्णता घरात आणावी, जळते इंधन आणू नये.

१. बाळंतिणीची खोली. बाळंतीण व बाळ यांना वारा लागू नये म्हणून खोलीच्या फटीसुद्धा बुजविण्याची व बाजेखाली शेगडी ठेवून शेक देण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. निखाऱ्यांवर ओवा, शेपा वगैरे टाकून धुरीही दिली जाते. अशक्त माता, काही दिवसांचे बाळ, बंद खोली आणि अगदी जवळ निखारे असा हा सर्वांत वाईट योग होय. मायेपोटी केलेली ही व्यवस्था जिवावर बेतू शकते, हे घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना आदरपूर्वक समजावून सांगावे. शेक देऊ नये असे सांगण्याचे कारण नाही. तो निराळ्या रीतीने द्यावा. वाळूची पुरचुंडी किंवा वीट बाहेर चुलीवर तापवून, जाड फडक्यात गुंडाळून, हाताने ऊब तपासून मग आत आणावी. गरम पाण्याची पिशवीही मातेला शेकण्यास चांगली. बाळास यांपैकी काहीही थेट लावू नये, भाजण्याचा संभव असतो. टोपडे-झबले घालून व मातेच्या अंगाशी त्वचेला त्वचा लागेल असे धरून बाळास उत्तम ऊब मिळते.

२. झोपण्याची खोली व वस्ती. जेथे माणसे झोपतात तेथे शेगडी, घमेल्यातील निखारे वा आगटी ठेवू नये. खिडकी किंचित उघडी ठेवली म्हणजे भागले असे मानू नये. रात्री वारा पडल्यास वा कोणी खिडकी लावून घेतल्यास तो आधार नाहीसा होतो. ऊसतोडणी कामगार, वीटभट्टीवरील मजूर व मेंढपाळ थंडीपासून बचावासाठी पालात किंवा प्लास्टिकच्या झोपडीत निखारे घेतात. प्लास्टिकचे कापड हवा मुळीच जाऊ देत नाही, हे त्यांच्या ध्यानी आणून द्यावे. शेकोटी बाहेर करावी, शेकून झाल्यावर आत जाऊन पांघरूण घेऊन झोपावे. डास हाकलण्यासाठी गोठ्यात गोवऱ्या धुमसत ठेवण्याची सवय असल्यास बंदिस्त गोठ्यात कोणी झोपू नये. जनावरांनाही तो वायू बाधतो.

३. न्हाणीघर. तांब्याचा बंब पडवीत किंवा मोरीबाहेर उघड्यावर ठेवावा. पाणी बादलीने आत न्यावे. आजकाल खेड्यांतूनही गॅसवरील गीझर आले आहेत. लहानशा बंद न्हाणीघरात असा गीझर चालू असता थोड्या मिनिटांत हवा दूषित होते आणि स्नान करणारी व्यक्ती तेथेच कोसळते. दाराला आतून कडी असल्याने मदतही वेळेवर पोहोचत नाही. गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून केवळ गरम पाण्याचा नळ आत घ्यावा. जेथे तो आत बसविलेला आहे, तेथे बाहेर हलविण्यापर्यंत दार उघडे ठेवून आधी बादली भरावी, गीझर बंद करावा, हवा जाऊ द्यावी व मगच स्नानास जावे. केवळ हवा बाहेर फेकणारा पंखा बसवून समाधान मानू नये. आत ताजी हवा येण्यास वाट नसेल तर तो पंखा गीझरची जळलेली हवा उलट खोलीत ओढून घेतो.

४. स्वयंपाकघर. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे अनेक घरांत गॅस पोहोचला. तरीही पाणी तापविणे, भाकरी भाजणे यांसाठी चूल पेटतेच. चुलीस धुराडे असावे, त्याचे तोंड छपराच्या वर निघावे, आणि त्यातील काजळी व पक्ष्यांची घरटी वेळोवेळी काढावीत. चूल विझल्यावर राहिलेले निखारे घरात कोंडून ठेवू नयेत. गॅसच्या वा गोबर गॅसच्या शेगडीची ज्योत निळी असावी. पिवळी ज्योत व भांड्याच्या बुडास काजळी ही अर्धवट ज्वलनाची लक्षणे असून बर्नर साफ करण्याची वेळ आल्याचे ती सांगतात. खोली उबदार करण्यासाठी गॅसची शेगडी पेटती ठेवू नये.

५. विहिरीतील इंजिन. जमिनीवर ठेवलेला साधा सेंट्रिफ्यूगल पंप व्यवहारात सुमारे सहा-सात मीटरपेक्षा अधिक खोलीवरून पाणी ओढू शकत नाही. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की, शेतकरी इंजिन विहिरीतील कट्ट्यावर उतरवितो. खोल विहिरीत वारा पोहोचत नाही आणि इंजिनाचा धूर तेथेच साठत जातो. पेट्रोल व रॉकेलवर चालणाऱ्या इंजिनांच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण फार असते. डिझेल इंजिनात ते कमी असले तरी कोंडलेल्या जागी तेही सुरक्षित नाही. इंजिन बंद करावयास उतरलेला माणूस खाली पडतो, त्याला काढावयास दुसरा उतरतो, मग तिसरा. अशा रीतीने एकाच घरातील अनेक जण एकाच विहिरीत प्राणास मुकतात.

म्हणून इंजिन विहिरीत कधीही उतरवू नये. पाणी खोल गेल्यास विजेवर चालणारा पाणबुडी पंप बसवावा. विहिरीत उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहण्याची आपली जुनी रीत चांगली आहे. प्राणवायू कमी असल्यास कंदील विझतो. परंतु कार्बन मोनॉक्साइडची परीक्षा या रीतीने होत नाही. माणूस मरेल इतका हा वायू असला तरी हवेत ज्योत जळण्यापुरता प्राणवायू शिल्लक असतो. जेथे इंजिन चालले आहे अशा विहिरीत कंदील जळत राहिला, एवढ्यावरून कोणीही उतरू नये. विजेच्या पंख्यास नळी जोडून तळापर्यंत बराच वेळ ताजी हवा सोडावी. उतरणाऱ्याच्या कमरेस व काखेतून दोर बांधलेला असावा आणि तो ओढण्यास वर किमान दोन-तीन माणसे हजर असावीत.

६. जनित्र व वाहने. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड जिल्ह्यातील अनेक गावांना दीर्घकाळ विजेवाचून राहावे लागले. अशा वेळी जनित्रे बाहेर काढली जातात आणि पावसात भिजू नये अथवा चोरीस जाऊ नये म्हणून ती पडवीत, जिन्याखाली किंवा घरालगतच्या खोलीत लावली जातात. जनित्र घराच्या दार-खिडक्यांपासून किमान वीस फूट दूर, उघड्यावर, धुराचे तोंड घराच्या विरुद्ध दिशेस करून ठेवावे. त्यावर पावसापुरते चारी बाजूंनी मोकळे छप्पर घालावे. ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल बंद शेडमध्ये चालू ठेवून दुरुस्ती करू नये.

७. पिल्लांची खोली व रेशीम कीटकगृह. कोंबड्यांच्या पिल्लांना पहिले काही आठवडे ऊब द्यावी लागते. वीज नसते तेथे कोळशाची शेगडी वापरून पडदे घट्ट लावले जातात आणि राखणीस माणूस आतच झोपतो. यात पिल्ले तर मरतातच, पण राखणदाराचाही जीव धोक्यात येतो. कोळसा वापरणे भागच असेल तर शेगडीस छपराबाहेर निघणारे धुराडे असावे, पडद्याचा वरचा भाग हवेसाठी मोकळा ठेवावा आणि राखणदाराने बाहेर झोपून ठरावीक वेळाने फेरी मारावी. हिवाळ्यात रेशीम कीटकांचे संगोपनगृह उबदार करण्यासही हाच नियम लागू आहे.

काही चुकीच्या समजुती

शेगडीजवळ पाण्याचे भांडे ठेवल्यास विष पाण्यात उतरते, असे काही जण मानतात. हा वायू पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. भांड्याचा काहीही उपयोग नाही. त्याच कारणास्तव तोंडाला ओले फडके किंवा कापडी मुखपट्टी बांधूनही संरक्षण मिळत नाही. खोलीत तुळशीची वा अन्य झाडाची कुंडी ठेवल्याने हवा शुद्ध होत नाही. निखाऱ्यांवर घरातच पाणी ओतून शेगडी विझविणे हेही चूक आहे. तापलेल्या कोळशावर पाणी पडले म्हणजे काही काळ अधिकच कार्बन मोनॉक्साइड निघतो. म्हणून शेगडी बाहेर नेऊनच विझवावी.

विषबाधा कशी ओळखावी?

आरंभी डोके जड होणे, कपाळ ठणकणे, भोवळ, मळमळ, ओकारी, थकवा व छातीत धडधड ही लक्षणे दिसतात. पुढे विचारात गोंधळ होतो, पाय लटपटतात, उठून दार उघडावे असे मनात येऊनही अंग साथ देत नाही आणि शेवटी शुद्ध हरपते. झोपेत असलेल्यास ही पूर्वसूचना मिळतच नाही.

ही लक्षणे पित्त, अन्नातील विषबाधा किंवा हिवाळी पडसे यांसारखी असल्याने फसगत होते. काही ठिकाणी करणी वा बाहेरची बाधा समजून देवऋष्याकडे धाव घेतली जाते व मोलाचा वेळ जातो. ओळखण्याच्या तीन खुणा ध्यानात ठेवाव्यात. एक, घरातील अनेकांना एकाच वेळी त्रास होतो, पण ताप नसतो. दोन, बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरे वाटते व घरात परतल्यावर पुन्हा त्रास होतो. तीन, घरात काहीतरी जळत असते किंवा इंजिन चालू असते. कुत्री, मांजरे, कोंबड्या मलूल दिसल्यास संशय अधिक दृढ होतो.

येथे एक आधुनिक सावधगिरी सांगणे जरूर आहे. कोविडच्या साथीपासून, म्हणजे २०२० नंतर, बोटास लावून प्राणवायूचे प्रमाण मोजणारे छोटे यंत्र गावोगावी आले. कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेत हे साधे यंत्र फसवे ठरते. हीमोग्लोबिनास प्राणवायू चिकटला आहे की हा विषारी वायू, हा भेद त्यास कळत नाही. त्यामुळे रोगी मरणासन्न असतानाही आकडा ९८ किंवा ९९ असा चांगला दिसू शकतो. त्या आकड्यावर विसंबून रोग्यास घरी ठेवू नये. तसेच ओठ निळे पडतीलच असेही नाही.

तातडीचे उपचार

१. मदतीस जाणाऱ्याने आधी स्वतःस सांभाळावे. मोठ्याने हाका मारून शेजारी जमवावेत. बाहेरूनच दारे-खिडक्या उघडाव्यात वा फोडाव्यात, आणि शक्य तितक्या थोड्या वेळात आत जाऊन माणसास बाहेर काढावे. विहिरीत दोराशिवाय कोणीही उतरू नये.

२. रोग्यास मोकळ्या हवेत आणून गळ्याभोवतीचे कपडे सैल करावेत. त्यास चालवू नये. हालचालीने प्राणवायूची गरज वाढते.

३. श्वास चालू असून शुद्ध नसेल तर एका कुशीवर निजवावे, म्हणजे ओकारी श्वासनलिकेत जाणार नाही. श्वास थांबला असल्यास ज्यास शिक्षण मिळाले आहे त्याने छातीवर दाब देण्याची व कृत्रिम श्वासाची क्रिया त्वरित सुरू करावी.

४. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, लिंबू, ताक वा दारू घालू नये. कांदा हुंगवीत बसण्यात वेळ दवडू नये.

५. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व "बंद खोलीत कोळसा जळत होता" किंवा "इंजिनाचा धूर कोंडला होता" असे स्पष्ट सांगावे. खरे कारण कळल्यास डॉक्टर पहिल्या क्षणापासून योग्य उपचार करू शकतात.

या विषबाधेवर प्राणवायू हेच औषध होय. रक्तातील विषारी वायू निम्मा होण्यास साध्या हवेत चार ते सहा तास लागतात. मुखवट्यातून शुद्ध प्राणवायू दिल्यास तेच काम साधारण एक ते दीड तासात होते. म्हणून बाहेर आणल्यावर रोगी शुद्धीवर आला व "आता ठीक आहे" म्हणू लागला, तरी त्यास दवाखान्यात नेलेच पाहिजे. गर्भवती स्त्रीच्या बाबतीत तर यात कसूर होता कामा नये. काही रोग्यांत बरे झाल्यानंतर काही दिवसांनी, कधी महिनाभरानेही, विसरभोळेपणा, चिडखोरपणा, चालताना तोल जाणे अशी लक्षणे उद्भवतात. तसे दिसल्यास पुन्हा डॉक्टरांकडे न्यावे.

सूचना देणारे यंत्र

कार्बन मोनॉक्साइड वाढताच घंटा वाजविणारे, बॅटरीवर चालणारे छोटे यंत्र बाजारात मिळते. ज्या घरात गॅस गीझर किंवा जनित्र आहे त्यांनी ते जरूर घ्यावे. खरेदी करताना ते याच वायूसाठी आहे ना, हे नीट वाचून पाहावे. धुराची सूचना देणारे व स्वयंपाकाच्या गॅसची गळती सांगणारे यंत्र निराळे असते. गॅस गळतीचे यंत्र जमिनीलगत लावतात, कारण तो गॅस जड असतो. कार्बन मोनॉक्साइडचे यंत्र मात्र झोपण्याच्या जागेजवळ, श्वासाच्या उंचीवर लावावे. अशा यंत्राचे आयुष्य ठरावीक वर्षांचे असते. त्यावर छापलेली मुदत संपताच ते बदलावे. यंत्र आहे म्हणून शेगडी आत घेण्यास हरकत नाही, असा अर्थ मात्र कोणी काढू नये.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

दिवाळीनंतर थंडी पडू लागताच या विषयावर गावात एक बैठक घ्यावी. तीत घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया व सुईणी यांना आवर्जून बोलवावे, कारण बाळंतिणीच्या खोलीचा कारभार त्यांच्या हाती असतो. आशा कार्यकर्ती व अंगणवाडी सेविका यांच्याकडून नजीकच्या काळात बाळंतपण व्हावयाच्या घरांची माहिती घेऊन त्या घरी समक्ष भेट द्यावी. उसाच्या फडावरील पाले, वीटभट्ट्या व मेंढपाळांचे तळ यांना संध्याकाळी भेट द्यावी. दिवसा शेगडी दिसत नाही. उन्हाळ्याच्या तोंडी कोणकोणत्या विहिरींत इंजिने उतरविली जातात याची यादी करून त्या शेतकऱ्यांशी बोलावे. सभेत शेगडीचा हिशेब फळ्यावर मांडून दाखवावा. आकडे शेतकऱ्यास पटतात.

सर्वांना तोंडपाठ व्हावेत असे नियम थोडेच आहेत. निखारे घेऊन झोपू नये. गीझर व बंब बाहेर ठेवावेत. इंजिन विहिरीत उतरवू नये. जनित्र वीस फूट दूर ठेवावे. घरात अनेकांचे डोके एकदम दुखू लागल्यास आधी सर्वांनी बाहेर यावे, कारण मागाहून शोधावे. एवढे नियम पाळले गेले तरी या विषापासून कुटुंबाचे रक्षण होईल. थंडीची एक रात्र जाड घोंगडीखाली काढता येते. तिच्यापायी घरचा माणूस गमावण्याची पाळी कोणावरही येऊ नये.